संजयाने ऐकलं, मीही ऐकलं

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७५

आज आपण गीतेच्या अगदी शेवटाशी आलो आहोत. अर्जुनाचा मोह गेला, भगवंताचं सांगणं संपलं. आता बोलतोय तो संजय. तो धृतराष्ट्राला सांगतो की, व्यासांच्या कृपेमुळे हा परम गुह्य योग मला साक्षात योगेश्वर कृष्णाच्या मुखातून ऐकायला मिळाला.

हा श्लोक मी वर्षानुवर्षं वाचत आलो आणि दरवेळी भरभर पुढे गेलो. गीता संपत आलेली असते, मन शेवटच्या श्लोकाकडे धावत असतं. गेल्या वर्षी मात्र मी इथेच अडकलो, ते 'गुह्य' या एका शब्दापाशी. गुह्य म्हणजे गुप्त, दोघांतलं. कृष्ण अर्जुनाशी बोलत होता, संजयाशी नाही. म्हणजे आपण जिला गीतामाउली म्हणतो, ती दोघांचं खासगी बोलणं तिसऱ्याने दुरून ऐकलं, म्हणून आपल्यापर्यंत आली आहे.

मग संजयाने केलं ते काय? आणि गेल्या वर्षी मी माझ्या आईच्या खोलीत केलं ते काय? दोन्ही ऐकणंच. एकाला आपण हात जोडतो. दुसऱ्याबद्दल आज सांगतो. सांगायची लाज वाटत होती, म्हणून वर्षभर टाळलं.

झालं ते असं

आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. मी सकाळी साडेआठला घर सोडतो तो रात्री आठला परत. घरात आम्ही दोघंच. म्हणून ब्यूरोतून एक मावशी ठेवल्या, सकाळी आठ ते रात्री आठ. रविवारी त्यांची सुट्टी, त्या दिवशी आईचं सगळं मी बघायचो.

दुसऱ्या आठवड्यात आईच्या दंडावर मला काळानिळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "अरे, कुठेतरी लागलं असेल." त्याच सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्यातरी शहरातल्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना मारतोय, असा. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या. रात्रभर झोप नाही.

सकाळी उठून मी ऑनलाइन एक वस्तू मागवली. दिसायला साधा मोबाइलचा चार्जर. आत एक सिम कार्ड बसतं आणि एक बारीक माइक असतो. त्या नंबरवर आपण फोन लावला की तो न वाजता आपोआप उचलला जातो आणि खोलीतलं सगळं आपल्याला ऐकू येतं. बॅटरी संपायची चिंता नाही, कारण तो कायम बोर्डाला लावलेला. सोमवारी सकाळी मी तो आईच्या कॉटशेजारच्या बोर्डाला लावला आणि म्हटलं, "आई, हा जास्तीचा चार्जर राहू दे इथे."

ते माझं पहिलं खोटं. आणि ते आईशी बोललो होतो, मावशींशी नाही. हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

सकाळी साडेअकराला आणि दुपारी साडेतीनला ऑफिसच्या जिन्यात जाऊन मी तो नंबर लावायचो. ऐकू काय यायचं? "आई, अजून दोनदा पाय उचला. दोनच. झालं, झालं." मग आईचं ओरडणं, मग दोघींचं हसणं. मावशी तिला पेपर वाचून दाखवायच्या, अडखळत. आई मधेच शब्द सांगायची. चौथ्या दिवशी, गुरुवारी, मला स्वच्छ कळलं होतं की ही बाई आईला माझ्यापेक्षा चांगलं सांभाळते. डागाचंही उत्तर मिळालं. ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आईला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. त्या गोळीने जरासं दाबलं तरी काळंनिळं होतं, असं डॉक्टरांनी फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. हा फोन मी आधीच करू शकलो असतो.

शंका गुरुवारी फिटली. तरी चार्जर बोर्डावरच राहिला, आणि शुक्रवारी साडेअकराला मी पुन्हा जिन्यात होतो.

आजच्या चिंतनाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. पहिले चार दिवस मी भीतीने ऐकलं. पाचव्या दिवशी कशाने ऐकलं? खरं सांगतो, चटक लागली होती. आपण नसताना आपल्या घरात काय बोलतात हे ऐकण्यात एक गोडी आहे, आणि ती गोडी चांगली नाही. मावशी त्यांच्या मुलीशी फोनवर फीबद्दल बोलायच्या, कोणाकडून किती उसने घ्यायचे याचा हिशेब करायच्या. तो हिशेब ऐकायचं तर मला कुठलंच कारण नव्हतं. तोही मी ऐकला.

शुक्रवारी आई मावशींना म्हणाली, "रविवारी मी पाणीच पीत नाही हो फारसं. पोरगाच नेतो ना संडासला. त्याला सांगू नका. त्याला वाईट वाटेल."

मी जिन्यातच बसलो.

रविवारी मी शहाणपणा केला. पाण्याचा तांब्या घेऊन आईजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, भरपूर पाणी पी. तुला अवघडल्यासारखं होत असेल तर रविवारपुरती आपण दुसरी बाई बोलवू." मला वाटलं, किती समजूतदार मुलगा. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, "सांगायला कशाला हवं? मला कळतं."

हे दुसरं खोटं. आणि या खोट्याची किंमत मावशींनी मोजली. आईच्या दृष्टीने ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती. सोमवारपासून आई मावशींशी बोलेनाशी झाली. कामापुरतं बोलायची. पेपर वाचायला लागल्या की डोळे मिटून घ्यायची. मावशींना कळेना आपलं काय चुकलं. मी ते दोन दिवस ऐकलं, सगळं ऐकलं, आणि गप्प बसलो.

मावशींना कसं कळलं

बुधवारी रात्री जाताना मावशी दारात थांबल्या. म्हणाल्या, "दादा, एक विचारू? रागावू नका. रोज साडेअकराला आणि साडेतीनला आईंचा रेडिओ टर्रर, टर्रर करतो. आईंचा मोबाइल तर माझ्याजवळ असतो, तो वाजलेला नसतो. आणि त्या बोर्डावरच्या चार्जरला काही लावलेलं नसतं, तरी हाताला कोमट लागतो."

मी काही बोललो नाही. त्याच म्हणाल्या, "ह्याच्या आधी ज्या घरी होते तिथं कॅमेरा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी दाखवला. म्हणाले, मावशी, तो बघा तिथं आहे. मी म्हटलं, असू द्या."

एवढं बोलून त्या चपला घालून गेल्या.

ज्यांना आपण फार शिकलेल्या नाहीत असं समजतो, त्या बाईंनी आठ-दहा दिवसांत ओळखलं. त्यांची रीत बघा. एक, यंत्र बोलतंय पण त्याचं कारण दिसत नाही. दोन, वस्तू काम करत नाही तरी गरम आहे. तीन, जे कोणाला सांगितलंच नाही ते कोणालातरी ठाऊक झालं आहे. तुमच्यापैकी अनेक जण भाड्याच्या खोलीत, पीजीत, हॉस्टेलवर राहतात. कोणाच्या घरचं वातावरण असं असेल की ही गोष्ट खरंच उपयोगी पडेल. म्हणून हे थोडं नीट सांगतो.

टूजी नेटवर्कवर चालणारं सिम संदेश सलग पाठवत नाही, तुकड्यातुकड्यांत पाठवतं, सेकंदाला सुमारे २१७ वेळा. जवळच्या रेडिओच्या किंवा स्पीकरच्या तारा ते पकडतात आणि टर्रर ऐकू येतं. माझ्या कानालाही फोनवर तो आवाज यायचा. मला वाटायचं, लाइन खराब आहे! अशी यंत्रं बहुधा उपयोगाच्या वस्तूत असतात, म्हणजे चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, घड्याळ, कारण तिथे वीज मिळते आणि कोणाला संशय येत नाही. आपण न आणलेली वस्तू, जागा बदललेली वस्तू, स्विचबोर्डाच्या स्क्रूवर नवे ओरखडे, त्याखाली सांडलेली भिंतीची भुकटी, हे बघावं. ओळखीचा नसलेला कुठला डिव्हाइस घरच्या वायफायच्या यादीत आहे का, तेही बघावं. बाजारातल्या स्वस्त डिटेक्टरवर फार भिस्त ठेवू नये. शहरात वायफाय आणि मोबाइल इतके की तो सगळीकडे वाजतो. उलट, नुसतं मेमरी कार्डवर साठवणारा रेकॉर्डर कुठलीच लहर बाहेर सोडत नाही. त्याच्याजवळ हा डिटेक्टर गप्प राहतो.

आपला फोनही तपासावा. माइक चालू असला की आयफोनच्या वरच्या कडेला नारिंगी ठिपका दिसतो आणि अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनवर हिरवी खूण दिसते. सेटिंगमध्ये माइकची परवानगी कोणकोणत्या ॲपला दिली आहे ते एकदा वाचून काढावं.

आणि एक महत्त्वाचं. ज्याच्यापासून धोका आहे अशा माणसाने हे लावलं असावं असं वाटत असेल, तर रागाच्या भरात ते उपटू नका आणि त्या खोलीत त्याबद्दल बोलू नका. त्याला कळलं की तुम्हाला कळलं, मग तो काय करेल सांगता येत नाही. फोटो काढून ठेवा. दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्याच्या फोनवरून विश्वासाच्या माणसाशी बोला. पोलिसांसाठी ११२ आणि स्त्रियांसाठी १८१ हे नंबर आहेत. एखाद्या स्त्रीच्या फोनवर, ईमेलवर, इंटरनेटवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

हे नवीन नाही

४ ऑगस्ट १९४५ रोजी मॉस्कोत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूतांना, ॲव्हरेल हॅरिमन यांना, एक भेट दिली. अमेरिकेच्या राजमुद्रेचं सुंदर लाकडी कोरीवकाम. मैत्रीची खूण म्हणून ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागली. तिच्या आत एक लहान यंत्र होतं. त्याला बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून ठरावीक रेडिओलहर सोडली की ते जागं व्हायचं आणि खोलीतला आवाज त्या लहरीवर परत पाठवायचं. एरवी नुसता धातूचा तुकडा. सात वर्षं ते तिथे होतं, १९५२ साली सापडलं. ते बनवणारे लेव्ह तेरमेन हे हात न लावता वाजणाऱ्या 'थेरेमिन' या वाद्याचेही जनक! ज्या बुद्धीतून संगीत निघालं, तिच्यातूनच हा चोरटा कानही निघाला. आणि तो घरात कसा आला? लहान मुलांच्या हातून, भेट म्हणून. माझा चार्जरही 'राहू दे इथे' म्हणून, सोय म्हणूनच आला होता.

आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाला बजावलं आहे की मसलत करायची जागा अशी हवी की पक्ष्यांनाही आत डोकावता येऊ नये, कारण पोपट-मैनांनी गुपितं फोडल्याचं ऐकिवात आहे. महाभारतात पांडव वारणावताला निघाले तेव्हा विदुराने लाक्षागृहाची सूचना युधिष्ठिराला भर लोकांत दिली, पण इतरांना कळणार नाही अशा भाषेत. म्हणजे आपल्या ग्रंथांना हे माहीत होतं की गुप्त बोलणं म्हणजे पाप नव्हे. पुष्कळदा दुबळ्याचं तेवढंच कवच असतं. "लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?" असं आपण सहज म्हणतो. माझ्या आईने कुठला गुन्हा लपवला होता? तिने लाज लपवली होती, आणि मुलाला वाईट वाटू नये म्हणून लपवली होती. ते लपवणं म्हणजे तिचं प्रेम होतं. मी चोरून ऐकलं ते हेच.

मग संजय वेगळा कसा?

आणि एकटा संजयच कशाला? ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउली आपली गुरुपरंपरा सांगतात. तिथे शंकर क्षीरसागराच्या काठी पार्वतीच्या कानात गुह्य सांगत आहेत आणि ते माशाच्या पोटात असलेल्या मत्स्येंद्रनाथांना लाभतं. तिथून गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव. आपल्या वारकरी अंगणात आलेली गंगा अशी दुसऱ्याच्या कानातलं बोलणं ऐकण्यातून उगम पावली आहे! मग ऐकणं सरसकट पाप कसं म्हणायचं?

मी या श्लोकावर पुष्कळ दिवस बसलो. मला तीन फरक दिसले.

पहिला फरक परवानगीचा. संजय पहिल्याच ओळीत सांगतो, हे मला व्यासांच्या कृपेने मिळालं. ते त्याने मिळवलं नाही, त्याला दिलं गेलं. माझं ऐकणं कोणी मला दिलं नव्हतं. मी ते विकत घेतलं होतं.

दुसरा फरक उघडपणाचा. संजय काय करतोय हे धृतराष्ट्राला ठाऊक आहे. 'मी ऐकलं' असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो. मला आईने सरळ विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" आणि माझ्या तोंडून 'मी ऐकलं' हे दोन शब्द निघाले नाहीत. ज्या ऐकण्याबद्दल 'मी ऐकलं' असं म्हणता येत नाही, ते ऐकणं म्हणजे चोरी. मला वाटतं, एवढी एकच कसोटी पुरेशी आहे.

तिसरा फरक ऐकल्यानंतरचा. संजय जे ऐकतो त्याने तो बदलतो. पुढच्याच श्लोकांत तो आठवून आठवून हर्षित होतो, आणि जो आपला मालक, त्यालाच अप्रिय असलेलं सत्य शेवटी तोंडावर सांगतो. ऐकलेलं त्याने स्वतःच्या फायद्यासाठी वापरलं नाही. मी मात्र आईचं वाक्य घेऊन 'समजूतदार मुलगा' बनलो. दुसऱ्याचं दुःख चोरून माझा मोठेपणा सजवला.

पण दुबळ्याचं काय?

इथे तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की दादा, समजा मावशी खरंच मारत असत्या तर? तेव्हा तो चार्जर देवासारखा धावून आला असता.

हो, आला असता. म्हणून 'कधीच ऐकू नये' असा नियम मी सांगणार नाही. ज्या सुनेला बंद दाराआड धमक्या मिळतात, ती स्वतःशी झालेलं बोलणं रेकॉर्ड करते, तेव्हा ती कोणाच्या खोलीत शिरत नाही. ते शब्द तिलाच उद्देशून आहेत आणि तिच्याकडे दुसरं शस्त्र नाही. कायद्यानेही दोन्ही बाजू धरल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फोन टॅपिंगच्या खटल्यात टेलिफोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग मानला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे असं सांगितलं. त्याच न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी असंही म्हटलं की पती-पत्नींच्या खटल्यात जोडीदाराचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं पुरावा म्हणून घेता येईल. पण त्याच निकालात एक मार्मिक गोष्ट आहे. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर तेच नातं मोडल्याचं लक्षण आहे, असं त्यात म्हटलं आहे.

न्यायालयाला विचारायचं असतं की हे पुराव्यात चालेल का. आपल्याला विचारायचं आहे की हे नात्यात चालेल का. माझ्याकडे तर सगळे उघडे रस्ते होते. डॉक्टरांना फोन करणं, दुपारी अचानक घरी येणं, कॅमेरा लावून मावशींना पहिल्याच दिवशी दाखवणं. मी ते का केलं नाही? कारण उघडपणे विचारायला धैर्य लागतं आणि चार्जर लावायला लागत नाही.

चोरून ऐकलेल्या शब्दांचं आणखी एक असतं. त्यांना मागचंपुढचं नसतं आणि बोलणाऱ्याला उत्तर द्यायची संधी नसते. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात रामराया भद्र नावाच्या माणसाला विचारतात, लोक काय बोलतात? आणि ती ऐकीव कुजबुज सीतामाईला वनात घेऊन जाते. जिच्याबद्दल ऐकलं, तिला कोणी विचारलंच नाही. प्रत्यक्ष रामराज्यात हे घडलं, तर माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावशींचं काय झालं, याचं नवल नको.

देव ऐकतो, ते चालतं का?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावून गेला. देव तर सगळंच ऐकतो. मनात न बोललेलंही. मग त्याच्या ऐकण्याने धीर का येतो, आणि माझ्या ऐकण्याने आईचं घर का विस्कटलं?

तेराव्या अध्यायातला बाविसावा श्लोक काढा (काही प्रतींत तो तेविसावा आहे). तिथे या देहातल्या परमपुरुषाला 'उपद्रष्टा' म्हटलं आहे, म्हणजे जवळ राहून पाहणारा. जवळ राहून, हे महत्त्वाचं. आणि त्याच श्लोकात त्याला सांभाळणारा, भरणपोषण करणारा असंही म्हटलं आहे. जिन्यात उभं राहून बारा किलोमीटरवरून ऐकणारा नव्हे. तो ऐकतो हे त्याने आपल्यापासून लपवलेलंही नाही. सगळी शास्त्रं, सगळे संत ओरडून तेच सांगत आहेत. आणि सगळं ऐकूनही तो कोणाला 'तुझं गुपित मला ठाऊक आहे' असं म्हणायला येत नाही. आई रविवारी तहानलेली राहायची, हे विठोबाला माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं. त्याने ते मला सांगितलं नाही. तिच्याजवळ एक मावशी पाठवल्या, जिला ती ते सांगू शकेल.

मला वाटतं, सर्वज्ञ असणं हे देवालाच का शोभतं, याचं उत्तर यात आहे. ज्याच्या प्रेमात खोट नाही, त्यालाच सगळं ऐकण्याचा अधिकार. आपलं प्रेम अर्धं भीतीने भरलेलं असतं. आपल्याला जेवढं सांगितलं जातं, तेवढंच आपल्याला पेलतं.

पुढे

गुरुवारी मी रजा काढली. चार्जर काढून आईच्या कॉटवर ठेवला, मावशींना बसवलं आणि दोघींसमोर सगळं सांगितलं. दहा दिवस, दिवसातून दोनदा. फीचा हिशेबही ऐकला, हेही सांगितलं.

आईने चार्जर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं काय ऐकलंस ते राहू दे. आधी ह्यांची माफी माग. मी चार दिवस ह्यांना चोर समजले." मी मागितली. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या दादा." 'माफ केलं' असं म्हणाल्या नाहीत, आणि मीही ते म्हणवून घेतलं नाही.

ठरलेले तीन महिने त्यांनी पूर्ण केले. आई चालायला लागली. अजूनही पंधरा दिवसांतून एकदा त्या आईला भेटायला येतात. दोघी खोलीत बसतात आणि बोलायला लागायच्या आधी आई रेडिओचा आवाज मोठा करते. यंत्र काढून वर्ष झालं, तरी करते. स्वयंपाकघरातून मला फक्त रेडिओ ऐकू येतो. पहिल्यांदा फार लागलं. आता मी चहा करतो, दार वाजवतो, आतून 'ये' म्हणेपर्यंत थांबतो.

आजचा संकल्प : आज दिवसभरात जे मला सांगितलेलं नाही, ते मी ऐकणार नाही. कोणाचा फोन उघडा दिसला, शेजारच्या टेबलावर आवाज खाली गेला, कोणाची चॅट समोर आली, तर एक क्षण संजयाला आठवेन आणि स्वतःला विचारेन, 'हे मी ऐकलं' असं मला त्या माणसासमोर म्हणता येईल का?

माउली, तू सगळं ऐकतोस, हे आमचं भाग्य. आम्हाला सगळं ऐकू येत नाही, हीही तुझीच कृपा.

उद्या भेटू, श्लोक ७६ घेऊन.

रामकृष्ण हरी!